नदी उजव्या हाताला



आपल्या एका भगिनीचे पत्र गेले तीन आठवडे माझ्या मेजावर पडून आहे. तिचा थोरला मुलगा पदवीची परीक्षा उत्तीर्ण झाला आहे. नोकरीला लागण्यापूर्वी दोघा मित्रांना घेऊन, पाठीवर सॅक टाकून समुद्रकिनाऱ्याने गोव्यावरून गोकर्णापर्यंत जावे आणि वाटेत हॉस्टेलांत मुक्काम करावा, असे त्याने मनात घेतले आहे. ‘जाऊ द्यावे की न द्यावे,’ एवढेच तिने विचारले असते तर दोन ओळींत उत्तर देता आले असते. परंतु पत्राच्या शेवटी ती लिहिते, ‘परक्याच्या छपराखाली झोपायचे, तेही पैसे मोजून, यात मुलगा शिकणार काय?’ या प्रश्नाने मला अडविले. इंदूरसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या शहरात बसून मी किनाऱ्याविषयी काय सांगणार, असेही क्षणभर वाटले. पण पाठीवर ओझे घेऊन पाण्याच्या कडेने चालणारी माणसे पाहावयास या शहरातून फार दूर जावे लागत नाही. म्हणून उशिराने का होईना, लिहावयास बसलो आहे.

आधी हॉस्टेलविषयी. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाशी या हॉस्टेलाचा संबंध नाही. एका खोलीत सहा-आठ खाटा, बहुधा एकावर एक रचलेल्या. प्रत्येकाला सामान ठेवण्यास कुलपाची पेटी. न्हाणीघर सामाईक आणि चहापाण्याची जागाही सामाईक. खोली न घेता केवळ खाटेचे भाडे द्यावयाचे, असा हा प्रकार आहे. पाळोळे, हरमल, हणजुणे येथे तरुण मंडळींनी गजबजलेली अशी हॉस्टेले आज पुष्कळ दिसतात. त्यांच्याविषयी जे काही भलतेसलते ऐकू येते, त्यातले निम्मे खरे आणि निम्मे सांगणाऱ्याच्या वयाचा परिणाम, असे माझे मत आहे.

या कल्पनेचा जन्म मात्र एका गावातल्या शाळेत झाला. १९०९ साली रिचर्ड शिरमान नावाचे जर्मन शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन पायी सहलीस निघाले असता वादळी पावसात सापडले. ब्रोल नावाच्या खेड्यातील शाळेने त्यांना रात्रीपुरता आसरा दिला. गवताच्या पेंढ्यांवर मुले झोपी गेली. शिरमान मात्र जागे होते. सुट्टीत ओस पडणाऱ्या शाळा पायी फिरणाऱ्या मुलांना झोपण्यासाठी का उघडू नयेत, हा विचार त्यांना त्या रात्री सुचला. पुढे १९१२ साली आल्टेना येथील जुन्या किल्ल्यात पहिले कायमचे युवक हॉस्टेल सुरू झाले. तेथून ही चळवळ जगभर पसरली, आणि आपल्याकडे १९४९ साली युथ हॉस्टेल्स असोसिएशन स्थापन झाली. मुळात ते छप्पर कोणीतरी दिलेले होते. ते भाड्याचे नंतर झाले.

आता इंदूरकडे येतो. या शहराच्या नळाला येणारे पाणी नर्मदेचे आहे. मंडलेश्वराजवळच्या जलूद गावापासून सुमारे ७० किलोमीटर अंतरावरून, विंध्याचा चढ चढवून ते १९७८ पासून येथे आणले जाते. इंदूरकर सकाळी तोंड धुतो तो नर्मदेच्या पाण्याने, आणि नदीचे दर्शन मात्र वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी घेतो. घाट उतरून निमाडात गेले की कापसाची आणि मिरचीची शेते लागतात, हवा तापते, आणि धामनोदमार्गे महेश्वरला पोचले की अहिल्याबाईंच्या किल्ल्याखाली रुंद पात्र दिसते. अहिल्याबाई होळकरांनी १७६७ पासून १७९५ पर्यंत राज्य केले ते या गावातून. काशीपासून सोमनाथापर्यंत त्यांनी मंदिरे, घाट आणि धर्मशाळा बांधल्या हे आपण शाळेत वाचतो. पण धर्मशाळा ही चालणाऱ्या माणसासाठी असते, हे घाटावर उभे राहिल्याशिवाय ध्यानात येत नाही.

कारण त्या घाटावर चालणारी माणसे आजही येतात. खांद्यावर झोळी किंवा पाठीवर सॅक, हातात काठी, सोबत नर्मदेच्या पाण्याची लहानशी बाटली. हे परिक्रमावासी. नर्मदा अमरकंटकाला उगम पावून १३१२ किलोमीटर वाहत भरूचपाशी खंबातच्या आखाताला मिळते. तिच्या दोन्ही तीरांनी, नदी सदैव उजव्या हाताला ठेवून, ती कोठेही न ओलांडता जेथून निघाले तेथे परत यावयाचे. अडीच हजार किलोमीटरांहून अधिक वाट होते. परंपरेने यास तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस सांगितले आहेत, आणि पावसाळ्याचे चार महिने एका जागी थांबावयाचे असते. आज पुष्कळ जण पाच-सहा महिन्यांत पुरी करतात. ओंकारेश्वराहून निघालेला मनुष्य दक्षिण तीराने समुद्रापर्यंत जातो, आणि महेश्वरच्या घाटावर दिसतो तेव्हा तो उत्तर तीराने परतलेला असतो. त्याच्या पायांकडे पाहिले की विचारावे लागत नाही.

समुद्राचा टप्पा आपल्या वाचकांना विशेष आवडेल. दक्षिण तीरावर विमलेश्वर आणि कतपोर अशी गावे आहेत. नदी ओलांडायची नाही, म्हणून तिच्या मुखाबाहेरून, समुद्रातून नावेने पलीकडच्या मीठी तलाईला जावे लागते. नाव भरतीची वेळ पाहून सुटते. ती गाठली नाही तर थांबणे आले. आयुष्यात समुद्र न पाहिलेले माळव्यातले शेतकरी त्या नावेत बसतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यांवर काय असेल, याची कल्पना मासेमारीच्या गावातल्या आपल्या लोकांना माझ्यापेक्षा चांगली करता येईल.

पण मला सांगावयाचे आहे ते रात्रीविषयी. मंडलेश्वराच्या अलीकडे एका खेड्यात मी एका परिचिताकडे गेलो होतो. दिवेलागणीच्या सुमारास ओसरीपाशी तीन जण येऊन उभे राहिले आणि ‘नर्मदे हर’ म्हणाले. घरातली वृद्ध बाई बाहेर आली. नाव, गाव, जात, यांपैकी तिने काहीही विचारले नाही. तिने निमाडीत एवढेच विचारले, ‘किती मूर्ती?’ परिक्रमेला निघालेल्यांची मोजणी तेथे माणसे म्हणून नव्हे, मूर्ती म्हणून करतात. तीन, असे उत्तर मिळताच तिने तिघांपुरते पीठ, डाळ, मीठ आणि दोन मिरच्या एका ताटात काढून दिल्या आणि ओसरीचा एक कोपरा झाडून दिला. शिजवायचे त्यांनी. घरातला मुलगा सरपण ठेवून आपल्या अभ्यासाला परत गेला. त्याला त्यात काही नवल वाटले नाही.

त्या तिघांत एक गृहस्थ मराठी निघाले. बँकेतून निवृत्त झालेले. रात्री ताट घासता घासता ते म्हणाले, ‘पहिले आठ दिवस मागायला जीभ उचलेना. खिशात पैसे होते, म्हणून दुकान शोधत हिंडलो. नवव्या दिवशी दुकान नव्हते.’ एवढे बोलून ते निजले. मला मात्र बराच वेळ झोप आली नाही.

भगिनींनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला या बोलण्यात दिसते. पैसे देऊन मिळणारी खाट वाईट नाही. ती स्वच्छ असते, आणि दुसऱ्या दिवशी कोणाचे उपकार उरत नाहीत. नेमकी तीच तिची उणीव. हॉस्टेलात आपल्या मुलाला त्याच्यासारखीच मुले भेटतील. त्याच वयाची, तेवढ्याच पैशाची, त्याच गाण्यांची. किनाऱ्यावरचे गाव त्याला खिडकीतून दिसेल. मागण्याची पाळी आली नाही, म्हणजे कोणाच्या घरात किती पीठ आहे हे कळण्याचीही पाळी आली नाही.

मराठी माणसाला ही वाट नवी नाही. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली पायी उत्तरेकडे निघाले आणि महूजवळ आले तोच बंडाच्या वावटळीत सापडले. गोपाळ नीलकंठ दांडेकरांनी तरुणपणी नर्मदेची परिक्रमा केली आणि त्यावर ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ लिहिली. जबलपूरचे चित्रकार अमृतलाल वेगड १९७७ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना, तुकड्यातुकड्यांनी चालू लागले. जन्मभर एकदम वेळ न मिळणाऱ्या संसारी माणसाला त्यांची ही रीत सोयीची आहे. नाशिकच्या भारती ठाकूर यांनी २००५–०६ मध्ये पायी परिक्रमा केली, आणि पुढे नोकरी सोडून त्या निमाडातच राहिल्या. खरगोन जिल्ह्यातील लेपा येथे त्यांनी मुलांच्या शिक्षणाचे काम उभे केले. ज्यांच्या ओसरीवर झोपलो त्यांची मुले शाळेत का टिकत नाहीत, हे हॉटेलात उतरणाऱ्याला दिसले नसते.

युरोपातही अशी एक वाट आपल्या धर्मबांधवांच्या परिचयाची आहे. स्पेनमधील सान्तियागो येथे संत याकोबाच्या समाधीकडे जाणारे यात्रिक शेकडो वर्षे चालत आले आहेत. त्यांच्याजवळ एक पुस्तिका असते, तिच्यावर मुक्कामाच्या प्रत्येक ठिकाणी शिक्का घेतात आणि यात्रिकांच्या वसतिगृहात उतरतात. त्यांतली काही वसतिगृहे आजही भाडे न घेता जे द्याल ते घेतात. नर्मदेच्या वाटेवरही लोक प्रमाणपत्र जवळ बाळगून त्यावर आश्रमांचे शिक्के घेतात. दोन्ही वाटांनी एकमेकींना कधी पाहिले नाही, आणि शिक्का मात्र दोघींना सुचला!

पण ओसरी देणारी गावेच राहिली नाहीत तर? हा प्रश्न नर्मदेवर आता खरा झाला आहे. सरदार सरोवराची कोनशिला १९६१ साली बसली आणि धरण २०१७ मध्ये राष्ट्रार्पण झाले, १३८.६८ मीटरांपर्यंत ते प्रथम भरले २०१९ साली. नंदुरबार जिल्ह्यातील मणिबेली हे या पाण्याने गाठलेले महाराष्ट्रातले पहिले गाव. शूलपाणेश्वराचे जुने मंदिर पाण्याखाली गेले. धार आणि बडवानी जिल्ह्यांतली कितीतरी घरे गेली. त्यांतल्या पुष्कळ कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या वाटसरूंना सिधा दिला होता. आता स्वतःच्या ताटासाठी त्यांना कचेरीच्या दारात उभे राहावे लागले. जुनी किनाऱ्याची वाट बुडाल्याने बडवानीच्या पुढे अनेक जण सातपुडा ओलांडून शहादा, प्रकाशा, अक्कलकुवा या बाजूने जातात. कित्येक कोस नदी दिसत नाही. दुसरीकडे, गाडीतून पंधरा-वीस दिवसांत परिक्रमा घडविणाऱ्या सहली निघाल्या आहेत. म्हाताऱ्या माणसांची त्यामुळे सोय झाली, हे मान्य केले पाहिजे. तथापि बसमधून उतरलेल्या पन्नास जणांना ‘किती मूर्ती’ असे कोण विचारणार?

आता, भगिनी, आपल्या मुलाविषयी. जाऊ द्यावे. गोकर्णालाही जाऊ द्यावे, हॉस्टेलातही राहू द्यावे. पण त्याआधी त्याला चार-पाच दिवस इकडे पाठवा. मुंबई सेंट्रलहून सुटणारी अवंतिका एक्सप्रेस बोरिवलीला मिळते आणि सकाळी इंदूरला आणते. तेथून बसने महेश्वर, आणि महेश्वरपासून पूर्वेकडे मंडलेश्वर आणि बडवाह. चालताना नदी आपोआप उजव्या हाताला राहील. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. एप्रिलनंतर निमाडचे ऊन आपल्या किनाऱ्याच्या मुलाला सोसणार नाही.

काही गोष्टी त्याला बजावून सांगा. परिक्रमा हे दुसऱ्यांचे व्रत आहे. आपण ख्रिस्ती आहोत, तेव्हा त्याने परिक्रमावासीचे सोंग घेऊ नये. कोणी विचारले तर आपण कोण आणि कशासाठी चालतो ते सरळ सांगावे, आणि ज्यांचा सिधा व्रतस्थांसाठी आहे त्यांच्याकडे हात पसरू नये. धर्मशाळेत उतरला तर दान द्यावे. एखाद्या घरी उतरला तर पैसे पुढे न करता लाकडे फोडावीत, पाणी भरावे. पैसे दिल्याने ती बाई दुखावेल. रात्री वाळूत, नदीपात्रात मुळीच झोपू नये. ७ एप्रिल २००५ रोजी देवास जिल्ह्यातील धाराजी येथे अमावास्येच्या यात्रेसाठी लोक काठावर आणि पात्रात जमले असता इंदिरासागर धरणातून सोडलेले पाणी रात्री अचानक आले आणि साठांहून अधिक माणसे बुडाली. समुद्राच्या भरतीला वेळापत्रक असते. धरणाखालच्या नदीला ते नसते, आणि किनाऱ्यावर वाढलेल्या मुलाचा नेमका येथेच घात होऊ शकतो.

सॅकमध्ये एक ताट, एक लोटा, दोन कपडे, पातळ पांघरूण आणि पायांच्या फोडांसाठी स्वच्छ फडके द्या. बाकीचे आपण देऊ लागाल, ते त्याने तेथेच ठेवावे. आणि बडवाहहून परत फिरताना त्याने इंदूरला माझ्याकडे उतरावे. जेवण साधे आहे, ओसरी आहे. किती मूर्ती येणार, तेवढे मात्र आधी कळवा.