किनाऱ्यावर जन्मलेले शास्त्र किनाऱ्यालाच पारखे

प्राणिशास्त्र घेऊन पदवी मिळवली, आता पुढे काय, हा प्रश्न रायगडच्या किनारपट्टीवरील अनेक विद्यार्थ्यांपुढे दरवर्षी निकालाच्या सुमारास उभा राहतो. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या तालुक्यांतील घरांमधून त्याला मिळणारी उत्तरेही ठरावीक आहेत. बी.एड. करावे, एखाद्या औषध कंपनीत चिकटावे किंवा स्पर्धा परीक्षांची तयारी करावी. संशोधन आणि अध्यापन हीच कारकीर्द निवडावी, असे सुचवणारा माणूस अपवादानेच भेटतो. त्यातही विकासात्मक जीवशास्त्र, म्हणजे एका फलित पेशीपासून संपूर्ण जीव कसा घडतो याचा अभ्यास, हे नाव तर अभ्यासक्रमातील एका प्रकरणापलीकडे पोहोचतच नाही. या शास्त्राचा पाया मात्र अशाच किनाऱ्यांवर घातला गेला, हे लक्षात घेतले म्हणजे या परिस्थितीतील विसंगती अधिकच जाणवते.

समुद्रातील अनेक प्राण्यांची अंडी शरीराबाहेर फलित होतात, ती मुबलक मिळतात आणि कित्येकदा पारदर्शक असतात. भ्रूणाची वाढ डोळ्यांदेखत पाहता यावी, यासाठी याहून सोयीचे साहित्य नव्हते. म्हणूनच अंतोन डोर्न यांनी १८७२ मध्ये इटलीतील नेपल्स येथे सागरी प्राणिशास्त्राचे केंद्र स्थापन केले आणि तेथील अभ्यासाच्या जागा देशोदेशींच्या विद्यापीठांना भाड्याने दिल्या. हान्स ड्रीश यांनी १८९१ मध्ये समुद्री साळिंदराच्या भ्रूणाच्या पहिल्या दोन पेशी एकमेकींपासून वेगळ्या केल्या. प्रत्येक पेशीपासून अर्धा नव्हे, तर आकाराने लहान पण संपूर्ण जीव घडला. अमेरिकेतील वुड्स होल येथील सागरी प्रयोगशाळा १८८८ मध्ये सुरू झाली आणि १८९३ पासून तेथे भ्रूणविज्ञानाचा उन्हाळी अभ्यासक्रम चालू आहे. याच गावी टिम हंट यांना १९८२ मध्ये समुद्री साळिंदराच्या अंड्यांवर काम करताना पेशीविभाजनाचे नियंत्रण करणारी सायक्लिन प्रथिने सापडली आणि २००१ मध्ये ते नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. शिकवणे आणि शोधणे ही दोन्ही कामे एकाच छपराखाली चालणे, हे या केंद्रांचे समान वैशिष्ट्य होते.

महाराष्ट्रात हे शास्त्र रुजले ते किनाऱ्यापासून दूर, पुण्यात. लीला मुल्हेरकर यांनी १९५० च्या दशकात एडिंबरा येथील प्राणि-अनुवंशशास्त्र संस्थेत कॉनरॅड वॉडिंग्टन यांच्याबरोबर कोंबडीच्या भ्रूणावर संशोधन केले. भ्रूणातील एक भाग शेजारच्या भागाला अमुक एक अवयव होण्याची 'प्रेरणा' कशी देतो, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. त्यावरील त्यांचा निबंध १९५८ मध्ये 'जर्नल ऑफ एम्ब्रियॉलॉजी अँड एक्सपेरिमेंटल मॉर्फॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. 'डेव्हलपमेंट' या नावाने आज जगभर ओळखले जाते ते हेच नियतकालिक. पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात त्यांनी हा विषय शिकवला आणि त्यात संशोधक घडवले. याच परंपरेतील सुरेंद्र घासकडबी यांनी पुढे पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेत हायड्रा या गोड्या पाण्यातील इवल्याशा प्राण्यावर काम उभे केले. हायड्राचे तुकडे केले तरी त्यांतून पुन्हा पूर्ण प्राणी घडू शकतो. स्थानिक पाण्यात मिळालेल्या हायड्राचा एक वाण संशोधनासाठी त्यांच्या प्रयोगशाळेत जोपासला गेला आणि 'इंड-पुणे' या नावाने तो शास्त्रीय वाङ्मयात नोंदला गेला. कोंबडीची अंडी आणि डबक्यातील हायड्रा हे साहित्य काही श्रीमंत देशांची मिरास नव्हे. एका शिक्षिकेला विद्यापीठात स्थिर जागा आणि पुरेशी वर्षे मिळाली, म्हणून पुण्यात ही परंपरा उभी राहू शकली.

दुसरे उदाहरण मुंबईचे. कुलाब्याच्या टोकाशी असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शुभा तोळे मेंदूच्या घडणीचा अभ्यास करतात. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवी, अमेरिकेत कॅल्टेक येथे पीएच.डी., शिकागो विद्यापीठात पुढील संशोधन आणि १९९९ मध्ये मायदेशी परत, असा त्यांचा प्रवास आहे. भ्रूणावस्थेत मेंदूचे बाह्यपटल घडवण्याचा निर्णय एलएचएक्स-२ हे जनुक कसा घेते, हे त्यांच्या गटाने २००८ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात दाखवून दिले. २०१० मध्ये भटनागर पुरस्कार आणि २०१४ मध्ये इन्फोसिस पारितोषिक त्यांना मिळाले. ही संस्था आणि रायगडचा किनारा यांच्यामध्ये केवळ मुंबई बंदराचे पाणी आहे. गेट वे ऑफ इंडियाहून सुटलेली लाँच तासाभरात मांडव्याला लागते. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटही सुरू झाली. तथापि अलिबागच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने हे अंतर तासाभराचे नाही. त्या प्रयोगशाळेत काय चालते, तेथे प्रवेश कसा मिळतो, पदवीच्या वर्षांत कोणती तयारी करावी, हे सांगणारा दुवाच मध्ये नाही.

हा दुवा म्हणजे महाविद्यालयातील शिक्षक. स्वातंत्र्यानंतर देशाने मूलभूत संशोधनासाठी उत्तम संस्था उभारल्या, परंतु त्या बहुतांशी विद्यापीठांच्या बाहेर. परिणामी पदवीचे विद्यार्थी एकीकडे आणि संशोधक दुसरीकडे, अशी विभागणी झाली. २००६ पासून सुरू झालेल्या आयसर संस्थांनी ही भिंत काही प्रमाणात पाडली. पुण्याची आयसर त्याच वर्षीची. मात्र तेथे प्रवेश मिळतो तो मोजक्यांना. उरलेल्यांची सारी भिस्त गावच्या महाविद्यालयावर असते. तेथे वर्षानुवर्षे पदे रिक्त राहतात आणि तासिका तत्त्वावरील शिक्षकांकडून शिकवणे उरकून घेतले जाते. ज्याच्या हाती पुढच्या वर्षीच्या नोकरीची खात्री नाही, त्याने दहा वर्षांचा संशोधनविषय हाती घ्यावा, ही अपेक्षाच अवास्तव आहे. अशा शिक्षकाला प्रकल्पासाठी अनुदान मिळणेही जवळपास अशक्य असते, कारण अनुदान देणाऱ्या यंत्रणा प्रायः कायम नियुक्तीची अट घालतात.

धोरणांतील धरसोडीने त्यात भर घातली आहे. विद्यापीठ विभागांतील सहायक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. अनिवार्य करण्याचे २०१८ च्या नियमावलीत ठरले, त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली आणि जुलै २०२३ पासून नेट, सेट किंवा स्लेट हीच किमान पात्रता ठेवून पीएच.डी. ऐच्छिक करण्यात आली. ज्यांनी या पदावर डोळा ठेवून पाच-सहा वर्षे संशोधनात घालवली, त्यांना या बदलाने काय वाटले असेल, याची कल्पना करता येते. कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती जानेवारी २०२३ पासून दरमहा ३१ हजारांवरून ३७ हजार रुपये झाली, ही स्वागतार्ह बाब आहे. परंतु तेविसाव्या वर्षी एम.एस्सी., अठ्ठाविसाव्या-तिसाव्या वर्षी पीएच.डी., त्यानंतर परदेशी तीन-चार वर्षे आणि पस्तिशीच्या उंबरठ्यावर पहिली कायम नोकरी, तीही मिळाली तर, हा हिशेब किनाऱ्यावरील मध्यमवर्गीय किंवा मासेमारीवर जगणाऱ्या कुटुंबाला परवडत नाही. मुलींच्या बाबतीत तर लग्नाचा प्रश्न याच वर्षांत उभा केला जातो आणि गुणवत्ता असूनही वाट तेथेच संपते.

प्रात्यक्षिकांची स्थितीही विचारात घ्यावी लागेल. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ पासून प्राणिविच्छेदन टप्प्याटप्प्याने थांबवण्याची दिशा दिली. प्राण्यांची अनावश्यक हत्या टळली, हे योग्यच झाले. परंतु बेडकाची जागा अनेक ठिकाणी तक्त्यांनी आणि संगणकावरील चित्रफितींनी घेतली आणि जिवंत जीव पाहण्याची सवयच संपली. वास्तविक उबवणयंत्रात ठेवलेल्या फलित अंड्यात दुसऱ्या दिवशी हृदयाची पहिली स्पंदने साध्या भिंगाखाली दिसतात. हायड्राचा छेद घेऊन काही दिवसांत त्याला पुन्हा स्पर्शिका फुटताना पाहता येतात. किनाऱ्यावर तर याहून अधिक उपलब्ध आहे. कालवाचे अंडे फलित झाल्यापासून दिवसभरात पोहणारी अळी बनते आणि दोन-तीन आठवड्यांनी खडकाला चिकटून कायमचे बिऱ्हाड करते. कोळीवाड्यातील मुलीला गाबोळीने भरलेला मासा आणि रिकामा मासा यांतील फरक हाताच्या स्पर्शाने कळतो. हे ज्ञान वर्गाच्या दाराबाहेरच राहते, कारण त्याला भ्रूणविज्ञानाशी जोडून दाखवणारा शिक्षक तेथे टिकत नाही.

या अभावाची किंमत केवळ काही तरुणांच्या हुकलेल्या कारकिर्दींपुरती मर्यादित नाही. हरिहरेश्वर, मारळ, दिवेआगर या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात आणि वनखाते व स्थानिक कार्यकर्ते ती राखतात. कासवाचे पिल्लू नर होणार की मादी, हे गुणसूत्रांवर नव्हे, तर उबवणीच्या मधल्या काळातील वाळूच्या तापमानावर ठरते. वाळू अधिक तापली तर माद्यांचे प्रमाण वाढते. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर भागातील हिरव्या कासवांच्या वाढत्या पिल्लांमध्ये सुमारे ९९ टक्के माद्या असल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. रायगडच्या वाळूत काय घडत आहे, हे समजण्यासाठी घरट्यांच्या तापमानाच्या अनेक वर्षांच्या नोंदी लागतील. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाचे लिंग बाहेरून ओळखता येत नाही. त्यासाठी मृत पिल्लांच्या जननग्रंथींची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करावी लागते, आणि हा प्राणी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्याने परवानगीही घ्यावी लागते. हे काम चार दिवस येऊन परतणाऱ्या पथकाचे नव्हे. भ्रूणविज्ञान जाणणारा आणि त्याच किनाऱ्यावर राहणारा माणूस त्यासाठी हवा.

आधुनिक जीवशास्त्र महागडे झाले आहे, लाखो-कोटींच्या यंत्रांविना आता काही होत नाही, तेव्हा लहान गावांनी हा नाद सोडावा, असा युक्तिवाद केला जातो. त्यात तथ्य नाही असे नाही. जनुकांचे वाचन किंवा अत्याधुनिक सूक्ष्मदर्शक अलिबागला असण्याची गरजही नाही. परंतु प्रश्न ओळखणे, साहित्य जमवणे, दीर्घकाळ नोंदी ठेवणे ही कामे यंत्रांच्या आधीची आहेत. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानने मोठ्या संस्थांना लहान संस्थांशी जोडण्याची योजना आणली आहे, तर जैवतंत्रज्ञान विभागाची 'स्टार कॉलेज' योजना पदवी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांसाठी आहे. या योजनांचा लाभ घ्यायचा, तर प्रस्ताव लिहिणारा आणि पाच वर्षांनंतरही त्याच जागी असणारा प्राध्यापक लागतो. तो नसेल तर केंद्राच्या नावाने एखादी इमारत उभी राहील आणि खारी हवा तिचे दरवाजे-खिडक्या खाऊन टाकील.

लहान गावात दीर्घकालीन विज्ञान चालूच शकत नाही, हा समज तर अलिबागनेच खोटा ठरवला आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यामुळे कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय नोंदी बिघडणार, हे ओळखून १९०४ मध्ये चुंबकीय वेधशाळा अलिबागला आणली गेली. लोखंडाचा वापर टाळून बांधलेल्या त्या वास्तूत शतकाहून अधिक काळ पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद होत आहे आणि जगभरचे शास्त्रज्ञ ती वापरतात. तिचा कारभार पाहणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालयही रायगड जिल्ह्यातच, नवीन पनवेलला आहे. निरीक्षणासाठी कायम माणसे नेमली गेली आणि सरकारे बदलली तरी ती पदे चालू राहिली, म्हणूनच हे घडले.

किनाऱ्यावरील महाविद्यालयांत प्राणिशास्त्राची रिक्त पदे कायमस्वरूपी भरणे, त्या शिक्षकांना संशोधनासाठी आठवड्याचे काही तास मोकळे देणे आणि मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळांशी विद्यार्थ्यांचे उन्हाळी आदानप्रदान बांधून घेणे, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. याला फार मोठा निधी लागत नाही. शासनाच्या उच्च शिक्षण खात्याने पदभरती हा खर्च नसून गुंतवणूक आहे, हे मान्य करणे मात्र लागते. ते होत नाही तोवर किनाऱ्यावरील हुशार मुले शहराकडे जात राहतील आणि वाळूत दर वर्षी घातल्या जाणाऱ्या अंड्यांतून काय जन्माला येते, याची नोंद कोणाकडेच राहणार नाही.