फोटोत जंतू दिसत नाहीत!

काल रात्री मामीचा फोन. मामेभावाच्या नव्या नोकरीची मेडिकल होती, छातीच्या फोटोत वरच्या बाजूला डाग दिसला आणि तिथल्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, टीबीची औषधं सुरू करा. मामी रडत होती. "परत आलं का रे ते?"

मामी, हे तुझ्यासाठी लिहितोय. थोडं रागानंच, कारण या फोटोपायी आपण एकदा पोळलोय.

२०१९ साल आठवतं ना? खोकला, संध्याकाळचा ताप. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला, "पॅच आहे" म्हणाले आणि नेहमीच्या चार औषधांच्या गोळ्या दिल्या. बेडका तपासा असं कुणी म्हणालं नाही. दोन महिन्यांनी पुन्हा फोटो. "थोडा फरक आहे." इकडे पोराचं वजन उतरतंय आणि म्हणे फरक आहे! डॉक्टर बदलला, त्यांनी एक औषध वाढवलं. तिसऱ्या फोटोत फुप्फुसाला खड्डा. तेव्हा कुठे एका डॉक्टरीणबाईंनी बेडका मागितला. त्याच दिवशी उत्तर आलं, रिफाम्पिसिनला दाद न देणारा टीबी. पुढे वीस महिने औषधं.

आता सांगा, पहिल्या दिवशी बेडका तपासायला काय हरकत होती?

एक्स-रे म्हणजे सावली. फुप्फुसात कुठे घट्टपणा आहे, कुठे पोकळी आहे, एवढं ती सांगते. जंतू जिवंत आहे का, कोणत्या औषधाला भीक घालत नाही, हे ती सांगूच शकत नाही. औषधांना न जुमानणाऱ्या टीबीत खड्डे जास्त दिसतात हे खरं, पण ते साध्या टीबीतही असतात. त्यावरून शंका घ्यावी, औषध ठरवू नये. आणि हरलेल्या औषधांत एकच नवं औषध घालणं म्हणजे जंतूला त्याचीही सवय लावणं!

तुम्ही म्हणाल, एखाददुसरा डॉक्टर चुकतो. २०१० साली डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी धारावीतल्या १०६ खाजगी डॉक्टरांना टीबीचं प्रिस्क्रिप्शन लिहायला सांगितलं होतं. बरोबर लिहिलं फक्त सहा जणांनी. आणि २०१२ साली त्याच मुंबईतून, हिंदुजा रुग्णालयातून, तपासलेल्या एकाही औषधाला दाद न देणाऱ्या टीबीची बातमी जगभर गेली. हे आभाळातून पडत नाही.

मी फोटोच्या विरुद्ध नाही हं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत, फोटो काढला नसता तर ४२ टक्क्यांहून जास्त रुग्ण सुटले असते असं दिसलं. खोकला नसलेला टीबीही तो पकडतो. पण त्याचं काम संशयिताकडे बोट दाखवण्याचं. निकाल बेडक्यानं द्यायचा. सीबीनॅट दोनेक तासांत जंतू आणि रिफाम्पिसिनची दाद, दोन्ही सांगतं. तसंच काम करणारं ट्रूनॅट तर आपल्या गोव्यातल्या कंपनीचं. सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट होते. बाकीच्या औषधांसाठी पुढच्या तपासण्या आहेत. बेडका येत नसेल तर वाफ देऊन, दुर्बीण घालून काढता येतो. "थुंकी आली नाही" ही सबब झाली.

आणि मामी, आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. जखम भरली तरी वण राहतो ना? तसाच फुप्फुसावरही राहतो, कधी कधी जन्मभर. त्यामुळे नुसत्या डागावरून टीबी परत आला असं कुणी म्हणू नये. परत आला नाही असंही मी म्हणणार नाही, कारण मीही फोटोच बघितलाय! जुने फोटो शेजारी ठेवून बघायचे, आणि बेडका कल्चरला द्यायचा, कारण बऱ्या झालेल्या माणसात मेलेले जंतूही झटपट तपासणीला फसवतात.

जुने फोटो माळ्यावरच्या पिशवीत आहेत, ते काढून ठेव. सोमवारी मी येतोय. बेडका दिल्याशिवाय एकही गोळी घेऊ देऊ नकोस.