पाटल्या, पुस्तक आणि प्रकाशक

दिवाळीचा अंक हाती घेऊन वाचक फराळाच्या ताटाशी बसलेले असताना त्यांच्यापुढे रडगाणे गाऊ नये, हे मला कळते. परंतु आज मी रडायला आलेली नाही, भांडायला आले आहे. आणि भांडण घरच्या माणसांसमोर झालेले बरे, म्हणून हीच जागा निवडली.

माझे माहेर दौंडचे, सासर शिरूरचे. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला की मी साखरशाळेत तोडकऱ्यांची मुले शिकवते आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. पहिली कादंबरी त्या मुलांच्या आयांवर होती. पहाटे तीनला थंडीत फडात उतरणाऱ्या, मोळी डोक्यावर घेऊन गाडीच्या फळीवर चढणाऱ्या बायांवर. ती लिहायला मला तीन वर्षे लागली.

हस्तलिखित पुण्याच्या एका प्रकाशकांकडे पाठवले. आठ महिने ना होकार, ना नकार. मग एक दिवस फोन आला. "बाई, लेखन उत्तम आहे. पण नवीन लेखिकेचे पुस्तक चालत नाही. पंचेचाळीस हजार भरा, पाचशे प्रती काढू. शंभर प्रती तुम्हाला देऊ, बाकीच्या आम्ही विकू." मी हरखून गेले. हातातल्या पाटल्या सोनेतारणात ठेवल्या आणि पैसे भरले. लेखी कागद मागावा हे सुचलेच नाही. एवढा मोठा माणूस आपले पुस्तक काढतो आहे, त्याच्याकडे कागद कसा मागायचा?

एस. टी.च्या पार्सलने दोन गठ्ठे आले. पुस्तकावर किंमत छापली होती तीनशे रुपये. आता वाचकहो, तुम्हीच हिशेब करा. माझ्या वाट्याच्या शंभर प्रती पूर्ण किमतीला खपल्या असत्या, तरी हाती येणार तीस हजार. म्हणजे पंधरा हजारांची खोट पहिल्याच दिवशी ठरलेली. प्रकाशकांकडच्या चारशे प्रती निम्म्या किमतीला गेल्या, तरी त्यांचे होतात साठ हजार, आणि छपाईचा खर्च तर मीच दिलेला. मानधनाचे विचारले, तर उत्तर आले, "प्रती गोदामात पडून आहेत."

तीन वर्षांनी दौंडला माहेरी गेले असता एका वाचनालयाच्या कपाटात माझे पुस्तक दिसले. आनंदाने उघडले, तो आतल्या पानावर छापलेले, "दुसरी आवृत्ती". पहिली गोदामात पडून, आणि दुसरी वाचनालयाच्या कपाटात! मूल माझे, आणि त्याचे बारसे मला परक्या घरी कळले.

प्रकाशकांची बाजू मला ठाऊक नाही असे नाही. कागद महागला, विक्रेते मोठे कमिशन घेतात आणि पैसे मात्र सवडीने देतात, वाचनालयांचे अनुदान लांबले की बिले थकतात. पदरमोड करून चांगली पुस्तके काढणारे, वेळेवर हिशेब देणारे प्रकाशकही मराठीत होऊन गेले आणि आजही आहेत. त्यांना माझा नमस्कार. माझा प्रश्न बाकीच्यांना आहे. प्रकाशक म्हणजे जो भांडवल घालतो आणि जोखीम पत्करतो तो. भांडवल लेखकाने घातले, जोखीम लेखकाने घेतली, तर समोरचा उरला फक्त छापखान्याचा दलाल. मग त्याने दलाली घ्यावी आणि बाजूला व्हावे. खर्च माझा आणि हक्क त्याचा, हा कुठला न्याय? शेत कसणाऱ्यानेच बी-बियाणे, खत, पाणी घालायचे आणि पीक मात्र बांधावर उभ्या असलेल्याने न्यायचे, असे आमच्या भीमेकाठी कुणी खपवून घेणार नाही.

हे दुखणे नवे नाही. १८५५ साली महात्मा फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिले. कमिटीने ते नाकारले आणि ते छापून लोकांपुढे यायला १९७९ साल उजाडले. केशवसुत १९०५ साली गेले, तेव्हा त्यांच्या कवितांचा एकही संग्रह निघालेला नव्हता. अण्णा भाऊ साठ्यांच्या 'फकिरा'ला १९६१ साली राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. 'फकिरा' आजही खपते, पण १९६९ साली अण्णा भाऊ गेले ते हलाखीतच. पुस्तक जगते आणि लेखक मरतो, याचे आम्हाला एवढे कौतुक झाले आहे की त्यात काही चुकते आहे असे कुणाला वाटेनासेच झाले.

पण याच मातीत एक बाई होऊन गेली, जिने हा हिशेब फार लवकर ओळखला होता. शिरूरहून दौंडला जाताना एस. टी. न्हावऱ्यावरून केडगाव-चौफुल्याला येते, तेव्हा मला दर खेपेला तिची आठवण होते. पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन ते या केडगावचे. १८८२ साली त्यांनी 'स्त्रीधर्मनीति' लिहिले आणि त्याच्या विक्रीच्या पैशांतून इंग्लंडच्या प्रवासाची सोय केली. अमेरिकेत १८८७ साली इंग्रजीत पुस्तक काढले. त्याच्या हजारो प्रती खपल्या आणि तो पैसा त्यांच्या कार्यासाठी उभा राहिला. पुढे केडगावात त्यांनी स्वतःचा छापखाना घातला. दुष्काळातून आलेल्या, टाकून दिलेल्या मुलींनी तिथे खिळे जुळवले. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्या मुलींच्याच हातून छापून १९२४ साली बाहेर पडले. ते पाहायला रमाबाई नव्हत्या, त्या १९२२ साली गेल्या. परंतु आपल्या लेखणीची मालकी त्यांनी कुणाच्या गोदामात ठेवली नव्हती. धर्म कोणता, पंथ कोणता, हा वाद ज्याला घालायचा त्याने घालावा. मी त्यातला एवढाच धडा घेते, की बाईने लिहावे आणि हिशेबही आपणच ठेवावा.

प्रत्येकाला छापखाना घालता येणार नाही. पण कायदा तर आहे! १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखनाचे हक्क लेखी आणि सहीनिशी दिल्याशिवाय दुसऱ्याकडे जात नाहीत. त्या कागदात मानधन किती, हे लिहावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षेच धरतात. हक्क घेऊन वर्षभरात ते वापरले नाहीत, आणि करारात वेगळे काही लिहिलेले नसेल, तर ते लेखकाकडे परत येतात. लेखकाच्या मागे साठ वर्षे त्याच्या वारसांचा हक्क चालतो. पुस्तकाला लागणारा आय. एस. बी. एन. क्रमांक सरकार फुकट देते, आणि लेखक तो स्वतःच्या नावे मागू शकतो. नवलेखकाच्या पहिल्या पुस्तकासाठी साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनुदान योजना आहे. हे सारे मला पाटल्या गेल्यावर कळले. तुमच्या घरात कुणी लिहिणारे असेल, तर त्याला आधी कळावे म्हणून सांगते.

त्या दुसऱ्या आवृत्तीबद्दल मी प्रकाशकांना पत्र लिहिले आहे. मी सही केलेला कागद तरी दाखवा, नाहीतर हिशेब द्या, एवढेच त्यात आहे. उत्तर अजून नाही. आले नाही, तर पुढची पायरी मी चढणार आहे. दुसऱ्या कादंबरीचे हस्तलिखित पेटीत तयार आहे, पण करारावर सही झाल्यावाचून ते घराबाहेर पडणार नाही. वर्षे गेली तरी चालतील.

आता थोडे भांडण तुमच्याशी. लेखकाला सगळ्यात पहिला फटका देतात ते त्याचे सोयरे. "घरचेच पुस्तक आहे, एक प्रत द्या की!" वाण्याच्या दुकानात घरचा म्हणून कुणी गुळाची ढेप फुकट मागत नाही. माझ्या शंभरातल्या चाळीस प्रती अशाच प्रेमाने गेल्या, आणि त्यांतल्या किती उघडल्या गेल्या हे देवालाच ठाऊक.

गेल्या भाऊबीजेला दौंडला गेले होते. ओवाळून झाल्यावर धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, तुझे पुस्तक मला अजून दिले नाहीस." मी पिशवीतून प्रत काढली आणि निरांजनाशेजारी ताटात ठेवली. "दादा, ओवाळणी तुझ्या खुशीची. पुस्तकाचे तीनशे वेगळे." तो हसला, वहिनी हसली, आणि त्याने तीनशे रुपये मोजून ठेवले. चार दिवसांनी त्याचा फोन आला. पुस्तक वाचून झाले होते.