हणजुणे : मराठीने न पाहिलेला किनारा

यशवंतपूर स्थानकातून वास्कोकडे जाणारी गाडी हुबळी, धारवाड, लोंढा अशी वाट काढीत कॅसलरॉकचा घाट उतरते आणि गोव्यात शिरते. अभ्यागत प्राध्यापक म्हणून सध्या माझे वास्तव्य याच यशवंतपुरात असल्याने तिने जाणारी तरुण मंडळी माझ्या चांगल्या परिचयाची आहेत. ‘गोव्याला जातो’ असे ती म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात कळंगुटपासून वागातोरपर्यंतचा किनारा असतो, आणि त्याचे नाव त्यांच्या लेखी ‘नॉर्थ गोवा’. सत्तरी, डिचोली हे तालुकेही उत्तर गोवा जिल्ह्यातच येतात, हे त्यांना सांगून उपयोग नसतो. उलट माझ्या लहानपणी मराठी घरांत ‘गोव्याला जाऊन आलो’ याचा अर्थ मंगेशी, म्हार्दोळ, कवळे येथे जाऊन आलो, असा होत असे. समुद्र हा परतीच्या वाटेवर तासाभरात उरकण्याचा विषय होता. हे दोन गोवे एकमेकांना ओळखत नाहीत. या अनोळखीचे मूळ पर्यटनात नसून आपल्या वाङ्मयीन इतिहासात आहे, असे माझे मत आहे.

प्रथम एका शब्दाचा विचार केला पाहिजे. हणजुणे, म्हणजे पर्यटकांचे ‘अंजुना’, हे ‘बोहेमियन’ गाव म्हणून जगभर ओळखले जाते. रोमा भटके बोहेमियातून आले असावेत अशा समजुतीने फ्रेंचांनी त्यांना हे नाव दिले. पुढे आँरी म्युर्झे याच्या १८५१ मधील पुस्तकाने ते पॅरिसच्या कफल्लक कलावंतांना चिकटविले आणि १८९६ मध्ये पुच्चिनीच्या ऑपेराने ते सर्वत्र नेले. आपण त्याला ‘कलंदर’ किंवा ‘अवलिया’ असे प्रतिशब्द योजतो. पण हे दोन्ही शब्द सूफी पंथाकडून आलेले आहेत आणि त्यांत विरक्तीचा गंध आहे. कलंदराला घर नसते. बोहेमियनाला मात्र भाड्याची खोली लागते. म्युर्झेच्या पुस्तकात भाडे थकणे आणि घरमालक दाराशी येणे हा विनोदाचा हुकमी विषय आहे. वस्तुतः तो घरमालकच या जीवनपद्धतीचा पाया होय. भाडे कमी आणि शेजारी सोशीक, अशा ठिकाणीच बोहेमियन वस्ती उभी राहते. भाडे वाढले की ती उठते. तेव्हा अशा वस्तीचा इतिहास घरमालकाकडून ऐकावयास हवा. प्रत्यक्षात तो नेहमी भाडेकरू लिहितो, आणि भाडेकरूच्याच भाषेत लिहितो.

ही गोष्ट केवळ गोव्यापुरती नाही. मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावर प्वेर्तो वायार्ता नावाचे शहर आहे. टेनेसी विल्यम्सच्या नाटकावरून जॉन ह्यूस्टनने काढलेल्या ‘द नाइट ऑफ द इग्वाना’ या चित्रपटाचे चित्रीकरण १९६३ मध्ये तेथे, जवळच्या मिस्मालोया येथे, झाले. रिचर्ड बर्टनसमवेत एलिझाबेथ टेलरही आली. तिच्यामागोमाग वृत्तपत्रांचे प्रतिनिधी आले आणि एक आडबाजूचे गाव जगाच्या नकाशावर आले. शहरातून वाहणाऱ्या क्वाले नदीच्या दक्षिणेस समुद्राला लागून जी वस्ती आहे, तिचे नाव कोलोनिया एमिलियानो सापाता. कसेल त्याची जमीन, यासाठी लढून १९१९ मध्ये मारल्या गेलेल्या नेत्याचे ते नाव. पर्यटकांच्या नकाशात मात्र ती आणि तिच्या आसपासचा भाग ‘सोना रोमांतिका’, म्हणजे रम्य विभाग, म्हणून दाखवितात. जमिनीच्या लढ्याचे नाव झाकून जमिनीच्या विक्रीला सोयीचे नाव वर आले! एवढे एक नामांतर तुलनाकाराला पुष्कळ काही सांगून जाते.

आता हणजुण्याकडे वळू. साठीच्या दशकाच्या अखेरीस इस्तंबूल, काबूल असा खुष्कीचा प्रवास करीत आलेले पाश्चात्त्य तरुण प्रथम कळंगुटला आणि मग उत्तरेकडे हणजुण्यास स्थिरावले. ते येथेच का राहिले, याचे उत्तर बहुधा समुद्र, माड आणि स्वस्ताई यांत शोधले जाते. परंतु समुद्र आणि माड काय, वेंगुर्ल्यालाही होते. बारदेशात आणखी एक गोष्ट होती : रिकाम्या खोल्या. या तालुक्यातील माणसे पिढ्यान्‌पिढ्या परदेशी जात आली. मुंबईच्या धोबी तलावाभोवती गावोगावचे ‘कूड’ त्यांनीच वसविले. कोणी बोटीवर गेले, कोणी आफ्रिकेत, पुढे आखातात. त्यांच्या पैशांवर उभी राहिलेली मोठी कौलारू घरे मागे राहिलेल्या बायका आणि म्हातारी माणसे सांभाळीत होती. त्या घरांतील एखादी खोली हंगामापुरती परक्या पाहुण्याला मिळे. म्हणजे एका स्थलांतराने मोकळी केलेली जागा दुसऱ्या स्थलांतराने भरली. बोहेमियन हणजुण्याच्या इतिहासातील हे सर्वांत अर्थपूर्ण प्रकरण आहे, असे मी समजतो.

पुढचा भाग सर्वश्रुत आहे. ‘एट फिंगर एडी’ या नावाने ओळखला जाणारा, २०१० मध्ये निवर्तलेला अमेरिकन आणि त्याचे सोबती यांनी सत्तरीच्या दशकात आपापसातील जुन्या वस्तूंच्या देवघेवीसाठी बाजार भरविला. तोच आजचा बुधवारचा बाजार. त्यात कर्नाटकातून आलेल्या लमाणी स्त्रिया आरशांचे भरतकाम मांडून बसू लागल्या, आणि देवघेवीचा व्यापार झाला. पौर्णिमेच्या रात्रीच्या नाचगाण्यातून ‘गोवा ट्रान्स’ नावाचे संगीत निघाले. १९८५ पासून युरोपातून थेट चार्टर विमाने येऊ लागली; २००१ च्या ‘दिल चाहता है’ने शापोऱ्याचा पडका किल्ला देशातील तरुणांचे तीर्थ केला. भाडे वाढले, बोहेमियन उठले, त्यांचे नाव तेवढे हॉटेलांच्या पाट्यांवर राहिले.

या काळाचे वाङ्मय कोणते? गीता मेहता यांचे ‘कर्मा कोला’ (१९७९), क्लेओ ऑडझरचे ‘गोवा फ्रीक्स’ (१९९५), आणि अभ्यासग्रंथांत अरुण सालढाणा यांचे ‘सायकेडेलिक व्हाइट’ (२००७). पहिल्यात उपरोध आहे, दुसऱ्यात कबुली, तिसऱ्यात गोऱ्या पाहुण्यांच्या वर्णभावनेची कठोर चिकित्सा. तिन्ही वाचनीय आहेत आणि तिन्ही इंग्रजीत आहेत. तिसऱ्याबद्दल मला विशेष आदर आहे. तरीही त्याचा प्रकाशझोत मुख्यतः नाचणाऱ्यांवर आहे, ज्या घरात ते झोपावयास जात त्या घरावर नाही. विहिरीचे पाणी काढून देणारी, भाड्याचे रुपये मोजून घेणारी, रात्रभरच्या संगीताने जागी राहिलेली आणि सकाळी चर्चमध्ये जाणारी यजमानीण या वाङ्मयात पार्श्वभूमीच्या पलीकडे फारशी येत नाही.

मराठीने तरी तिला पाहिले काय? मराठीचा गोवा हा प्रामुख्याने फोंडा तालुक्याचा, जुन्या नावाने अंत्रुज महालाचा गोवा आहे. बा. भ. बोरकर बोरीचे, लक्ष्मणराव सरदेसाई सावईवेऱ्याचे. कुळागर, तळी, दीपमाळा हे आपले गोमंतकीय चित्र तेथून आले. याचे कारण इतिहासात आहे. तिसवाडी, बारदेश, सासष्टी या जुन्या काबिजादीत सोळाव्या शतकात देवळे मोडली तेव्हा देव खाडी ओलांडून पलीकडे गेले. कुशस्थळीचा मंगेश १५६० मध्ये प्रियोळास आला. मराठी भाविक देवामागून फोंड्यास गेला आणि लेखकही त्याच्या पाठोपाठ तेथेच थांबला. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज शासनाने लोकभाषेविरुद्ध हुकूम काढला आणि दुरावा पक्का झाला.

तथापि हा दुरावा सनातन नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. रायतूर सासष्टीत, म्हणजे जुन्या काबिजादीत. ज्या किनारपट्टीला आपण आज परभाषिक मानतो, तिच्यासाठीच मराठीतील एक महान ग्रंथ रचला गेला होता. त्याच्या ओव्यांचे आपण कौतुक करतो. त्या ज्यांच्यासाठी रचल्या गेल्या त्यांच्या वंशजांविषयी आपल्याला कुतूहल नाही, हे मला चमत्कारिक वाटते.

कुतूहल का आटले, याचे उत्तर अप्रिय आहे. १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि केंद्रशासित राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली. तेव्हापासून १९८७ च्या राजभाषा कायद्यापर्यंतची वीस वर्षे मराठी विचारवंतांनी गोव्याविषयी जे लिहिले, त्याचा फार मोठा भाग कोकणी ही भाषा की बोली, या एका प्रश्नात खर्ची पडला. नेमकी हीच वीस वर्षे बोहेमियन हणजुण्याच्या भरभराटीची होत. आपण व्याकरणाचे दाखले देत बसलो आणि तेवढ्या अवधीत तो किनारा इंग्रजीत लिहून झाला. कोणाची बाजू बरोबर होती, हा येथे प्रश्न नाही. त्या वादाची किंमत वाङ्मयाने काय मोजली, एवढेच मी पाहतो आहे. त्याच सुमारास दामोदर मावजो या हिंदू कोकणी लेखकाने ‘कार्मेलीन’ (१९८१) मध्ये आखातात मोलकरीण म्हणून जाणाऱ्या ख्रिस्ती स्त्रीच्या मनात प्रवेश करून दाखविला. ते साधते, याचा पुरावा समोर होता.

मराठीला बोहेमियन वृत्तीचेच वावडे होते, असेही म्हणता येत नाही. १९६२ मध्ये ॲलन गिन्सबर्ग मुंबईत आला तेव्हा त्याच्या बरोबरीने बोलणारे कवी येथे होते. लघुनियतकालिकांची चळवळ त्याच वातावरणात वाढली. अरुण कोलटकर काळा घोडा भागातील वेसाइड इन या उपाहारगृहात वर्षानुवर्षे बसत, आणि २००४ च्या ‘काळा घोडा पोएम्स’मध्ये त्यांनी पाहिली ती त्याच चौकातील माणसे : झाडणारी, भंगार वेचणारी, इडली विकणारी. कोलटकरांनी हे इंग्रजीत केले, हा भाग वेगळा. पण बोहेमियन म्हणवणाऱ्याची दृष्टी स्वतःवरून हटून शेजाऱ्यावर स्थिर झाली की काय घडते, हे पाहावयाचे तर ते पुस्तक पाहावे. हणजुण्याला असा कोलटकर मिळाला नाही.

मराठीने बारदेशावर लिहिलेच पाहिजे, असा माझा आग्रह नाही. पण वाचण्यास काय हरकत आहे? बारदेशाने स्वतःविषयी पुष्कळ लिहिले आहे, मात्र रोमी लिपीत. हणजुण्याच्या शेजारच्या शिवोलीचे रेजिनाल्ड फेर्नांदिस यांनी ढिगाने ‘रोमांसी’ लिहिल्या. (रम्य विभागाची खरी रोमांसी तीच!) तियात्राचा पहिला प्रयोग १८९२ मध्ये मुंबईत, संगीत नाटकाच्या ऐन बहरात झाला. १९८७ च्या कायद्याने कोकणी म्हणजे देवनागरी कोकणी अशी व्याख्या केली; साहित्य अकादमीचा कोकणी पुरस्कारही देवनागरी ग्रंथांकडेच जात राहिला. म्हणून ही सामग्री विद्यापीठांच्या कक्षेबाहेर राहिली. रोमी कोकणीचे शब्दलेखन मराठी विद्यार्थ्याला आठवड्याभरात उलगडते. त्यासाठी नवी भाषा शिकावी लागत नाही. तौलनिक साहित्याच्या विभागांनी हणजुण्यावरील इंग्रजी पुस्तकांबरोबर ही तियात्रे आणि रोमांसी नेमली, तर भाडेकरू आणि घरमालक प्रथमच एका वर्गात समोरासमोर बसतील.

यात घाई करण्याचे एक कारण गोव्याच्या दक्षिणेस घडते आहे. हणजुणे गजबजल्यावर जे शांततेच्या शोधात निघाले, त्यांतील पुष्कळजण गोकर्णाच्या कुडले आणि ओम किनाऱ्यांवर उतरले. तेथे मराठी भाविकाचे महाबळेश्वराचे देऊळ आणि परक्यांच्या झोपड्या यांच्यामध्ये केवळ एक टेकडी आहे. यजमानांची भाषा कन्नड आणि कोकणी आहे, बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या हालक्की स्त्रिया आहेत, आणि ज्यांनी पहिल्या पाहुण्यांना जागा दिली ती माणसे आज वृद्ध झाली असली तरी बोलू शकतात. बंगळूरहून शनिवार-रविवारसाठी तेथे जाणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी निदान काहींना त्यांची भाषा येते. त्यांच्यापैकी दोघातिघांनी पुढच्या खेपेस एक वही सोबत न्यावी आणि पहिले भाडे किती होते, कोणत्या खोलीचे होते, आणि त्या पैशांचे घरात काय झाले, एवढे तीन प्रश्न विचारून यावेत, असे मी माझ्या वर्गात सुचविले आहे.