वनस्पती तुपाच्या कारखान्यातलं निकेल कशानं ‘मरतं’? सुरुवात होते भिजलेल्या सोयाबीनपासून

पाऊस लांबला की परभणीच्या मोंढ्यात काळपट सोयाबीन येतं. सप्टेंबर २०२४च्या सुरुवातीला परभणी-हिंगोलीत अतिवृष्टी झाली, तेव्हा उभं पीक पाण्यात होतं. अशा मालाचा ओलावा मोजतात, डागी दाणा म्हणून भाव पाडतात. शेतकऱ्याचं नुकसान तिथं दिसतं. पण त्याच दाण्याचं तेल पुढं हायड्रोजनेशनला गेलं, तर तिथलं महागडं निकेल लवकर निकामी होतं. या दुसऱ्या नुकसानीवर कुणी बोलत नाही.

आधी हायड्रोजनेशन म्हणजे काय ते पाहू. तेलाच्या रेणूतल्या दुहेरी बंधांवर हायड्रोजन बसवला की पातळ तेल घट्ट होतं. नुसत्या गरम तेलात हायड्रोजन सोडून हे होत नाही. मध्ये निकेलची बारीक पूड लागते. तोच उत्प्रेरक, म्हणजे कॅटॅलिस्ट. जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मान यांनी १९०२मध्ये तेलासाठी ही पद्धत पेटंट केली. मुंबईत शिवडीला हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनीनं १९३२मध्ये उत्पादन सुरू केलं आणि १९३७मध्ये डालडा बाजारात आला.

शाळेत आपण पाठ करतो की उत्प्रेरक स्वतः खर्च होत नाही. परीक्षेपुरतं ते बरोबर आहे. कारखान्यात मात्र निकेल दर बॅचला थोडं थोडं मरतं.

मरतं म्हणजे नेमकं काय होतं?

निकेलच्या कणाचा पृष्ठभाग म्हणजे बसण्याच्या जागा समजा. तेल आणि हायड्रोजन तिथं येतात, जुळतात, निघून जातात. गंधक आला की तो बसतो आणि उठत नाही. तेलातले फॉस्फरसयुक्त चिकट पदार्थ, म्हणजे फॉस्फेटाइड, साबणाचे अंश आणि ओलावा हेही जागा अडवतात किंवा कणांची छिद्रं बुजवतात. सोयाबीन तेलात फॉस्फेटाइड मुळातच भरपूर. चांगल्या दाण्याच्या तेलातले बरेचसे पाण्यानं धुऊन निघतात. पण दाणा शेतात किंवा गोदामात भिजला, तर त्यातली एन्झाइम कामाला लागतात आणि पाण्यानं न निघणारे फॉस्फेटाइड वाढतात. ते काढायला फॉस्फोरिक किंवा सायट्रिक ॲसिड लागतं, वर ब्लीचिंगची माती जास्त लागते. तिथं काटकसर केली की बिल निकेलवर फाटतं.

इथं ग्राहकाचाही संबंध येतो. निकेलवर गंधक बसला की हायड्रोजनला जागा कमी पडते. तेलाच्या रेणूला एक हायड्रोजन मिळतो, दुसरा मिळत नाही. मग तो पहिलाही सोडून देतो आणि दुहेरी बंध पुन्हा तयार होतो, पण पुष्कळदा उलट्या बाजूनं वळलेला. हाच ट्रान्स फॅट. अर्धवट हायड्रोजनेशनमध्ये तो ताज्या निकेलवरही बनतो, पण गंधकानं मेलेल्या निकेलवर जास्त. तेल आणि चरबीत ट्रान्स फॅटची मर्यादा एफएसएसएआयनं जानेवारी २०२१पासून ३ टक्के आणि जानेवारी २०२२पासून २ टक्के केली. त्यानंतर थकलेला कॅटॅलिस्ट आणखी दोन बॅच रेटायची सवय परवडणारी नाही. वनस्पती आता मुख्यतः पामतेलावर चालतं हे खरं, पण साबणासाठी लागणारं स्टिअरिक ॲसिड किंवा पूर्ण घट्ट केलेली चरबी बनवायला हायड्रोजनेशन आणि निकेल लागतंच.

मग पुन्हा जिवंत करता येत नाही का?

कशानं मेलं, त्यावर ते ठरतं. मुंबईत माहुलच्या रिफायनऱ्यांत डिझेलमधला गंधक हायड्रोजननंच काढतात. एप्रिल २०२०पासून बीएस-६ इंधनात गंधक १० पीपीएमच्या आत लागतो. तिथल्या कोबाल्ट-मॉलिब्डेनमच्या कॅटॅलिस्टला गंधक विष नाही, उलट सल्फाइड रूपातच तो काम करतो. त्याच्यावर कार्बनचा थर चढतो. तो सावकाश, तापमान सांभाळून जाळला की कॅटॅलिस्ट पुन्हा वापरता येतो. घाईनं जाळला तर उष्णतेनं कण एकमेकांना चिकटून मोठे होतात. एवढा पृष्ठभाग गेला की गेला.

तेलाच्या कारखान्यात असं जाळून भागत नाही. निकेलला धरलेला गंधक साध्या उपायांनी सुटत नाही. म्हणून फिल्टर प्रेसमधून निघालेलं निकेल थोडी ताजी भर घालून काही बॅच फिरवतात, मग त्यातला धातू ॲसिडनं काढून घ्यायला रिसायकलरकडे पाठवतात. आपण निकेल जवळजवळ सगळं आयात करतो. गोव्यातली निकोमेट ही निकेल-कोबाल्ट बनवणारी कंपनी वेदांतानं डिसेंबर २०२१मध्ये घेतली, यावरून या धातूची किंमत कळावी. तरीही तेलकट निकेलची पोती शेडमध्ये पडून राहतात तेव्हा त्यांच्याकडे कचरा म्हणूनच पाहिलं जातं. हवेत हा चोथा आपोआप तापून पेट घेऊ शकतो, हे शेडमधल्या हमालाला कुणी सांगितलेलं असतं का?

घातक कचऱ्याच्या २०१६च्या नियमांत निकेलयुक्त वापरलेला कॅटॅलिस्ट पुनर्वापरयोग्य यादीत आहे. साठवणीची मुदत ९० दिवस, आणि वर्षाला १० टनांपर्यंत कचरा होणाऱ्या लहान युनिटला मंडळ ती १८० दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकतं. माझ्या मते अडचण इथंच आहे. सहा महिन्यांत चार-पाच पोती जमणाऱ्या युनिटकडे लांबचा अधिकृत रिसायकलर कशाला गाडी पाठवेल? दवाखान्यांचा कचरा उचलायला जशी सामाईक गाडी फिरते, तशी लहान युनिटांसाठी प्रदूषण नियंत्रण मंडळानं लावली पाहिजे. आणि मंडळाच्या फॉर्मवर नुसते किलो लिहून घेण्यापेक्षा, कॅटॅलिस्ट किती बॅच चालला आणि तेलात फॉस्फरस-गंधक किती होता, हेही विचारलं पाहिजे.

परभणीत वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं अन्न तंत्रज्ञान महाविद्यालय आहे. भिजलेल्या हंगामात तिथं तेलाचा फॉस्फरस माफक फीमध्ये तपासून मिळाला, तर मिलवाल्याला ॲसिड किती घालायचं ते कळेल. डागी दाण्याचा भाव किती पाडायचा, हेही मग नुसत्या डोळ्यांवर ठरणार नाही.