निवारा नको, वाटा हवा

मुलुंडचा फ्लॅट नवऱ्याच्या नावावर, हप्ते दोघांच्या पगारातून आणि घटस्फोट न्यू जर्सीत. तिथल्या निकालाने इथली मालकी आपोआप बदलत नाही. स्थावराचा दावा मालमत्ता असेल तिथेच चालतो. इथे पत्नीला मिळतो तो २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचा आधार. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो सासऱ्यांच्या मालकीच्या घरापर्यंतही नेला. पण हा निवारा झाला, वाटा नव्हे. शिवाय आधी छळ दाखवावा लागतो. गोव्यात मात्र वेगळा करार नसेल तर पती-पत्नी संपत्तीचे समभागी असतात. वाटा दिला तर सासरच्यांची पुंजी जाईल, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून वारशाचे घर वगळावे, लग्नानंतर घेतलेले नव्हे. पत्नीला वाटा देऊ पाहणारे विधेयक २०१३मध्ये राज्यसभेत मंजूर झाले, पण लोकसभेच्या मंजुरीअभावी बारगळले. सरकारने ते पुन्हा मांडावे.