आंतरवासितांच्या विद्यावेतनाचा प्रश्न

बी.ए.एम.एस.च्या अंतिम परीक्षेचा निकाल लागला, की घरी पेढे वाटले जातात. साडेचार वर्षे शुल्क, वसतिगृह आणि ग्रंथ यांचा भार वाहिलेल्या पालकांस वाटते, की आता आपली जबाबदारी संपली. प्रत्यक्षात त्यानंतर सक्तीच्या आंतरवासितेचे एक वर्ष सुरू होते आणि खर्च पूर्ववत चालू राहतो. आपल्या व्यवसायबंधूंच्या बैठकांत औषधी द्रव्यांचे वाढते भाव, नोंदणीचे नूतनीकरण, औषधनिर्मितीचे परवाने या विषयांवर तासन्‌तास चर्चा होते. या एका वर्षाविषयी मात्र क्वचितच कोणी बोलतो. म्हणून या अंकात आम्ही तो विषय सभासदांपुढे ठेवीत आहोत.

भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोगाने २०२२ मध्ये लागू केलेल्या नियमावलीनुसार आयुर्वेद पदवीचा अभ्यासक्रम ५४ महिन्यांचा असून त्यापुढे १२ महिन्यांची आंतरवासिता अनिवार्य आहे. ती पूर्ण केल्यावाचून कायम नोंदणी नाही आणि नोंदणीवाचून व्यवसाय नाही. याच नियमावलीत असेही म्हटले आहे, की शासकीय असो वा खाजगी, सर्व महाविद्यालयांतील आंतरवासितांस अन्य वैद्यकपद्धतींच्या बरोबरीने विद्यावेतन द्यावे. त्यात पद्धतीपद्धतींत भेद करू नये. नियम सुस्पष्ट आहे. तथापि शासकीय महाविद्यालयातील आंतरवासितास जे विद्यावेतन मिळते, ते अनेक विनाअनुदानित महाविद्यालयांतील त्याच्या समवयस्कास मिळत नाही, किंवा नाममात्र मिळते. दोघेही तोच अभ्यासक्रम पूर्ण करतात आणि रुग्णांची तीच सेवा करतात.

या उणिवेचा परिणाम केवळ आंतरवासिताच्या खिशावर होत नाही. खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे भागविण्यासाठी तो रात्री एखाद्या खाजगी रुग्णालयात निवासी वैद्यकीय अधिकारी म्हणून उभा राहतो. तेथे सलाईन, इंजेक्शन आणि केसपेपर यांत रात्र जाते. सकाळी बाह्यरुग्ण विभागात तो पोहोचतो तो पेंगुळलेला, किंवा पोहोचतच नाही. त्याची उपस्थिती तेवढी कागदावर भरते. ज्या वर्षी स्वतःच्या हाताने बस्ति द्यावयाचा, वमनाच्या रुग्णाचे वेग मोजावयाचे, क्षारसूत्र बदलावयाचे, ते वर्ष असे निघून जाते. पुढे हाच तरुण आपल्या गावी दवाखाना थाटतो आणि पंचकर्माचा रुग्ण आला, की त्याचा हात कचरतो. आयुर्वेदाचे पदवीधर आयुर्वेदाची चिकित्सा का करीत नाहीत, असा प्रश्न आपण व्यासपीठावरून नेहमी विचारतो. त्याच्या उत्तराचा एक भाग या विनावेतन वर्षात दडलेला आहे, असे आमचे मत आहे.

आपल्यातील काही ज्येष्ठ म्हणतात, की आंतरवासिता हे शिक्षण आहे, नोकरी नव्हे. आम्हीही उपाशीपोटी शिकलो. गुरुसेवेचे मोल मागू नये. या म्हणण्याचा आदर राखूनही आम्हांस सुश्रुतसंहितेचे स्मरण करून द्यावेसे वाटते. योग्यासूत्रीय अध्यायात आचार्यांनी प्रत्यक्ष कर्माभ्यासावर किती भर दिला आहे, हे वाचकांस ठाऊकच आहे. परंतु त्याआधी शिष्योपनयनाच्या प्रकरणात गुरूही शिष्यापुढे बांधून घेतो. शिष्य नीट वागत असता मी अन्यथा वागलो, तर मी पापाचा धनी होईन आणि माझी विद्या निष्फळ होईल, अशा आशयाचे वचन तो देतो. गुरुकुलात शिष्य गुरूची सेवा करी, हे खरे. पण त्याच्या अन्न-निवाऱ्याची चिंता गुरुकुल वाहत असे. आज आपण सेवा तेवढी ठेवली आणि अन्न-निवारा मात्र शिष्याच्या पित्यावर सोपविला. याला परंपरा म्हणता येणार नाही.

संस्थाचालकांचीही एक बाजू आहे. सर्व विनाअनुदानित संस्था संपन्न नाहीत. शिवाय विद्यावेतनाचा संपूर्ण भार त्यांच्यावर टाकल्यास तो आज ना उद्या शुल्कात मिळविला जाईल आणि विद्यार्थी स्वतःच्याच पैशांतून स्वतःचे विद्यावेतन घेईल, ही भीती अनाठायी नाही. म्हणूनच शासनाने यात वाटा उचलणे आवश्यक आहे. एखादे प्रशिक्षण शासन कायद्याने सक्तीचे करते, तेव्हा त्या काळात विद्यार्थ्याने जगावे कसे, याचे उत्तर देणेही शासनाकडेच येते.

ही मागणी जगावेगळी नाही. ऑस्ट्रेलियात विनावेतन सक्तीच्या प्रशिक्षणामुळे विद्यार्थी शिक्षण अर्धवट सोडतात, ही तक्रार वाढल्यावर विद्यापीठीय शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या समितीने २०२४ च्या अहवालात शासकीय साहाय्याची शिफारस केली. त्यानुसार १ जुलै २०२५ पासून तेथील केंद्र सरकार शिक्षक, परिचारिका, प्रसूतिसेविका आणि समाजकार्य या शाखांच्या विद्यार्थ्यांस, उत्पन्नाची अट लावून, प्रशिक्षणाच्या काळात आठवड्यास सुमारे ३३० डॉलर देते. वैद्यक आणि अन्य आरोग्यशाखा त्यातून वगळल्या आहेत, हा त्या योजनेचा दोष होय; परंतु तत्त्व मान्य झाले, हे महत्त्वाचे.

आपल्याकडेही हे तत्त्व परके नाही. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय आयुर्वेद विद्यापीठाच्या गुरुशिष्य परंपरेतील शिष्यांस केंद्र शासन विद्यावेतन देते. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तेव्हा एखाद्या आस्थापनेत काम शिकणाऱ्या पदवीधरास दरमहा १०,००० रुपये थेट बँक खात्यात देण्याची तरतूद केली. शिक्षण चालू असलेले उमेदवार मात्र तीत बसत नाहीत. स्वेच्छेने काम शिकणाऱ्यास शासन साहाय्य देते आणि सक्तीने शिकणाऱ्यास संस्थेच्या मर्जीवर सोडते, ही विसंगती दूर झाली पाहिजे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील एका वैद्यकीय महाविद्यालयास आंतरवासितांना दरमहा २५,००० रुपये देण्याचा आदेश दिला. परंतु प्रत्येक विद्यार्थ्याने न्यायालयाची पायरी चढावी, अशी अपेक्षा कशी करावी?

आमची सूचना साधी आहे. विनाअनुदानित महाविद्यालयांतील आंतरवासितांच्या विद्यावेतनाचा निम्मा भाग राज्य शासनाने आणि निम्मा संस्थेने द्यावा. रक्कम थेट आंतरवासिताच्या खात्यात जमा व्हावी. ती प्रत्यक्ष उपस्थितीशी जोडावी. आणि संस्था किती विद्यावेतन देते, हे प्रवेशाच्या वेळीच माहितीपुस्तिकेत छापलेले असावे. उपस्थितीची अट आम्ही जाणीवपूर्वक घालीत आहोत. शासनाच्या पैशाने कागदी आंतरवासिता पोसली जाऊ नये.

शासनाकडे बोट दाखविताना उरलेली बोटे आपल्याकडे वळतात. रात्रपाळीस आंतरवासित ठेवणारी रुग्णालये कोणाची आहेत? काही आपल्याच सभासदांची आहेत. न आलेल्या विद्यार्थ्याच्या हजेरीवर सही करणारेही आपल्यातीलच. औषधालयांच्या मालकांसही आमचे हेच सांगणे आहे. औषधनिर्माणशास्त्राच्या पदविकेसाठी ५०० तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण किमान तीन महिन्यांत घ्यावे लागते आणि त्यातील निदान २५० तास चिठ्ठीप्रमाणे प्रत्यक्ष औषध देण्यात जावे, असा नियम आहे. ती मुले आपल्या काउंटरवर उभी राहतात, खोकी उचलतात, साठा लावतात. त्यांना प्रवासखर्च आणि दुपारचे जेवण देणे कोणत्याही दुकानास जड नाही. उलट प्रमाणपत्रासाठी त्यांच्याकडूनच पैसे घेण्याची प्रथा काही ठिकाणी ऐकू येते. ती लज्जास्पद आहे आणि ती बंद करण्यास शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

शासनाकडे निवेदन द्यावयाचे, तर ते स्वच्छ हातांनी द्यावे. आपल्या प्रत्येक शाखेने आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालयांत कोणास किती विद्यावेतन मिळते, याची माहिती पुढील अंकापूर्वी आमच्याकडे पाठवावी आणि आपल्या दवाखान्यात वा औषधालयात शिकणाऱ्यास आपण काय देतो, हेही त्यासोबत प्रामाणिकपणे कळवावे, ही सर्व वैद्यबंधू-भगिनींस आणि औषधालयचालकांस नम्र विनंती.